मडगार्ड काढलेल्या सायकली

विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला त्या पावसाळ्यात खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्या पेटत होत्या, आणि आमच्या कारखान्यातल्या फिटरची आई डोंगरापलीकडच्या गावात एकटी होती. एसटी बंद होती. सडकेवर झाडं आडवी टाकून टोळकी उभी असत आणि येणाऱ्याला आडनाव विचारत. त्याचं आडनाव सांगून पुढं जाता येण्यासारखं नव्हतं. माझं होतं, म्हणून मी सोबत निघालो.

कारखान्याच्या उद्घाटनाला आलेले मंत्री म्हणाले होते, यंत्रापुढं सगळे सारखे. ते खरंच होतं. अडचण गेटाबाहेर सुरू व्हायची.

डोंगरातून शेरडांची पायवाट होती. हल्ली अशा वाटांवर लोक हौसेनं जातात. त्यासाठी जाड टायरांच्या महागड्या सायकली मिळतात आणि वर पोचल्यावर फोटो काढतात. आमच्या सायकली दूधवाल्यांच्या असतात तशा काळ्या, जड. काळ्या मातीचा चिखल मडगार्डात भरला की चाक फिरत नाही, म्हणून फिटरनं निघण्याआधी दोन्हींची मडगार्डं खोलून ठेवली. मग तो चिखल आमच्या पाठीवर आणि तोंडावर येत राहिला. चढावर सायकली खांद्यावर घ्याव्या लागल्या. उतारावर ओल्या रिमवर माझा ब्रेक नुसता घासत राहिला आणि मी घाणेरीच्या झुडपात शिरलो. एरवी फिटरला ही गोष्ट चिडवायला महिनाभर पुरली असती. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

खाली घोंगडी पांघरलेला एक मेंढपाळ भेटला. कुठं निघालात विचारलं, मी गाव सांगितलं. त्यानं फिटरकडं जरा वेळ पाहिलं.

"दिस बुडायच्या आत माघारी फिरा," तो म्हणाला. "शेजारच्या गावची पोरं आज येणार हायती म्हणं."

आणि मेंढरं हाकत निघून गेला.

वस्तीतली बरीच घरं बंद होती. म्हातारी दारात बसून तूर निवडत होती. फिटरनं तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. तिनं शेळीचं दावं सोडलं, तिला रानाकडं हाकललं, लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि त्याच्या कॅरियरवर बसली.

आलो त्या वाटेवरच्या ओढ्याला एव्हाना पाणी चढलं होतं. गावातून, चावडीसमोरूनच जावं लागणार होतं. त्या वस्तीतल्या माणसानं चावडीसमोर सायकलवर बसायचं नाही, उतरून हातात धरून न्यायची, अशी गावाची रीत. तिची पाटी कुठं लावलेली नव्हती, त्यामुळे ती पुसताही येत नव्हती. चावडीच्या ओट्यावर पाच-सहा जण बसलेले दिसले तशी म्हातारी चालत्या सायकलवरून खाली उतरली.

"आई, बस," फिटर म्हणाला.

"चालंन मी."

"बस म्हणतो ना."

"आजच्या दिवस नगं, बाबा. मला जित्तं न्यायला आलास ना तू?"

तो उतरला. मीही उतरलो, एकट्यानं वर बसून राहणं जमेना. आम्ही तिघं सायकली धरून चावडीसमोरून निघालो. ओट्यावरच्या एका वयस्कर गृहस्थांनी पानाची पिंक टाकली आणि मला अगदी आपुलकीनं म्हणाले, "तुम्ही कशापायी उतरलाव, साहेब? तुम्ही बसा की."

मी सायकल ढकलत पुढं निघालो.

गाव मागं पडल्यावर म्हातारी पुन्हा कॅरियरवर बसली. फिटर मात्र हँडल धरून चालतच राहिला. डोंगरात ती उतरून चालली, सपाट रस्ता लागल्यावर परत बसली. "आता तू बी बस," असं ती सारखी म्हणत होती. शहरात पोचलो तेव्हा क्रांती चौकातले दिवे लागलेले होते, दुकानं बंद होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी तो बसला नाही.