भागीमावशीचं वृंदावन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. त्या चित्रपटाचा विषय निघाला की मी उठून जातो, ते तिला वाटतं विनयामुळे. विनय! माझा?

गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. मी कारापूरला शाळामास्तर होतो. मराठी की कोकणी यावरून घराघरांत वाद पेटलेले, मी कट्टर मराठीवाला, आणि अशात आमच्या गावात मराठी चित्रपटाचं शूटिंग — तेही खेड्यातल्या गरिबीवरचा चित्रपट. छाती फुगली होती माझी. जत्रेच्या नाटकांत मी कामं करायचो म्हणून दिग्दर्शकाने दोन वाक्यांची भूमिका देऊ केली. मी फक्त एक गरीब घर शोधून द्यायचं होतं.

मी भागीमावशीचं घर दाखवलं. ती मूळची दोडामार्गाकडची, विधवा, खाणीवर कामाला जाणारी. आता सांगा, घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडची बाई काय करील? तिने दोन दिवस खपून अंगण सारवलं, भिंतींना चुना लावला, शेजारणीकडून स्टीलची भांडी आणून फळीवर मांडली. आणि दारातलं तुळशीवृंदावन — नवरा जिवंत असताना त्याने स्वतः एकेक चिरा रचून बांधलेलं — ते ताज्या केशरी रंगाने रंगवलं.

दिग्दर्शकाचा चेहराच पडला. हे घर गरीब वाटत नाही, म्हणाला, आपण दुसऱ्या गावात बघू. दुसरं गाव म्हणजे दुसरा मास्तर — माझी दोन वाक्यं गेलीच म्हणायची.

दुपारी मावशी खाणीवरून परतली तेव्हा भिंतींना काजळी फासलेली होती आणि वृंदावनाचे तुकडे अंगणभर पडले होते. मी तिला सांगितलं, सामानाचा टेम्पो मागे घेताना धक्का लागला. तिने विश्वास ठेवला. मास्तर कशाला खोटं बोलेल? ती त्या चिऱ्यांत बसली, तुळस मुळासकट ओटीत घेतली आणि रडली. आवाज न करता — बराच वेळ.

चित्रपट डिचोलीला लागला तेव्हा सारा गाव दुपारच्या खेळाला गेला. मावशी माझ्या शेजारी. आणि पडद्यावर — मला अजून धक्का बसतो हे लिहिताना — पडद्यावर ती. तेच अंगण, तीच तुळस, पाठमोरी, हलणारे खांदे. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, काय रडते नटी!

"ती मीच मां, मास्तर?"

"नाय गे मावशी. ती नटी. तुज्यासारकी दिसता."

किती सहज आलं तोंडातून! मीच गार पडलो. मावशी पडद्याकडे वाकली. मग हळूच म्हणाली, "मगे तिचा वृंदावन कोणी मोडल्यान?"

तेवढ्यात माझा प्रसंग आला, गावकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या आणि मावशीनेही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मी मोडलं, मावशी. टेम्पो वगैरे काही नव्हता. वृंदावन नसलं तर घर ओकंबोकं दिसेल, हे दिग्दर्शकाला मीच सुचवलं, मावशीची हरकत नाही असंही मीच सांगितलं, आणि लाइटवाले तुळशीला हात लावायला कचरले म्हणून पिकास घेऊन पहिला घावही मीच घातला.

एवढंही नाही. ती रडायला बसली तेव्हा कॅमेरा तिच्याकडे वळला होता. दिग्दर्शक माणूस बरा होता — तो थांबला, माझ्याकडे वळून त्याने विचारलं, हिला ठाऊक आहे ना आपण चित्रण करतोय ते? नसेल तर बंद करतो.

"ठाऊक आहे तिला," मी म्हणालो. "चालू द्या."