कुलूपबंद वस्तीची पाहणी

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह काढावं की नाही, यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा चालू होती. मी जालन्यात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. त्या विषयावर माझे दोन लेख छापून आले, म्हणून एका सरकारी समितीनं मला बोलावलं आणि आठ दिवसांत पाहणी करून द्या म्हणाले.

दिवाळी उलटून गेली होती. हसनाबादच्या पुढं एका वस्तीवर मी भर दुपारी पोचले, तर दारोदार कुलपं. माणसं केव्हाच कारखान्यांकडं गेलेली. पाराच्या सावलीत चार-पाच कुत्री पडली होती. अनोळखी माणूस बघूनही एकही भुंकलं नाही.

शेवटी एक म्हातारी भेटली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"समदे गेले तवाच मला सांगून गेलेत," ती म्हणाली. "कुणी इचारलं तर काय सांगायचं ते. चला, बराबर सांगते."

घरी कोणी नसेल तर शेजाऱ्याकडून माहिती घ्यावी, अशी सोय आमच्या फॉर्ममध्ये असते. मी तयार झाले आणि म्हातारीला मावशी म्हणू लागले.

मावशी पहिल्या घराच्या उंबऱ्यावर, कुलपाला पाठ लावून बसल्या. मी विचारलं, घरात माणसं किती? उत्तर आलं ते जाड्या, दमलेल्या पुरुषी आवाजात. "मी, मालकीण, दोन पोरं. थोरलीला संगं नेतो, धाकट्याला कोण बघणार?" मी दचकून वर पाहिलं. चेहरा मावशींचाच होता. दुसऱ्या घरासमोर त्या तोंडाला पदर लावून लाजत बोलल्या, तिसऱ्यासमोर तोतरं. कुत्री आमच्या मागोमाग एकेका दारापर्यंत येत होती आणि आम्ही उठलो की उठत होती. मी लिहीत राहिले.

सगळ्यात शेवटच्या घराचं अंगण नुकतंच सारवलेलं होतं. तिथं एका तरुण बाईचा आवाज बोलला. "एकच पोरगी हाय, बाई. तिला उसात नेलं की ती रात-दिस खोकती. तिला हितं झोपायला जागा द्या, मग उसात माझा जीव निवांत राहील."

ते वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं.

घरी आल्यावर मी खात्री करायला लागले. मावशींनी दिलेल्या नंबरांवर फोन लावले. माणसं उसाच्या फडातून ओरडून बोलली आणि सगळी उत्तरं जुळली, अगदी तोतरेपणासकट. शेवटच्या घराचा नंबर तेवढा बंद होता. वेळ नव्हता. मी अहवाल दिला. वर्तमानपत्रात त्यावर नवा लेखही लिहिला आणि त्याची सुरुवात 'एका आईनं मला सांगितलं' अशी करून ते वाक्य छापलं. समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा विरोधात बोलणारेही गप्प झाले.

पंधरा दिवसांनी त्या वस्तीवरच्या शाळेतल्या गुरुजींचा फोन आला.

"मॅडम, तुमचा लेख वाचला. ती बाई तुम्हाला कुठं भेटली?"

मी घर सांगितलं.

"त्या घरात कुणी न्हाई. चार वर्षं झाली. उसाची ट्रॉली उलटली, नवरा-बायको अन् पोरगी, तिघंबी गेले. ती बाई त्या म्हातारीची लेक होती."

फोन ठेवल्यावर मी त्या घराचा फॉर्म काढला. 'माहिती देणाऱ्याचे नाते' या रकान्यात मी 'शेजारी' लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी समितीला पत्र पाठवलं, ते घर वगळा म्हणून. वर्तमानपत्रात चूक कबूल केली. व्हायचं तेच झालं. मेलेल्यांची साक्ष काढणारी अर्थतज्ज्ञ म्हणून माझी टिंगल झाली, कॉलेजातही कुजबुज झाली. मला वाटलं, आता वसतिगृह बुडालं. पण बाकीच्या घरांची माहिती पक्की होती. समितीनं तेवढ्यावर शिफारस केली. पुढच्या हंगामात शाळेच्या दोन खोल्यांत मुलांची सोय झाली.

त्याच्या आधी मी एकदा मावशींना भेटून आले. रागावणार नव्हते, निदान तसं ठरवून गेले होते. त्या लेकीच्या अंगणातच बसल्या होत्या.

"मावशी, ती तर गेलीय. मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही कुठं इचारलं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "अन् ती खोटं बोल्ली का?"

मी सारवलेल्या अंगणाकडं पाहिलं.

"तुम्ही येणार म्हणून तिनं सकाळीच सारवून ठिवलं," त्या म्हणाल्या. "अजून काही इचारायचं राह्यलं असंल तर इचारा. ती हाय."

अंगण खरंच ओलं होतं. मावशींचे हात कोरडे, किल्ल्या धरून मांडीवर. मी येणार हे मी कुणालाच कळवलेलं नव्हतं.

माझ्या पिशवीत कोरे फॉर्म होते. मी पिशवीचा बंद घट्ट धरला. मग चप्पल काढून, ओल्या शेणावर पाय पडू न देता, मावशींच्या शेजारी कडेला बसले. काही विचारलं नाही. त्यांनीही आग्रह केला नाही. पाचच्या एसटीनं मी परतले.

पाहणी मी आजही करते. शेजाऱ्याकडून माहिती घ्यायची सोय मात्र मी आमच्या फॉर्ममधून काढून टाकली आहे.