गौरवीचा उजवा हात

मुळगावची गौरवी मांद्र्याला सून होऊन आली, तेव्हा रक्तवाहिन्यांना सूज येण्याचे आपले दुखणे तिने सासरी कोणापाशी उच्चारले नाही. रोगिष्ट म्हणून परत धाडतील, असे आई यशोदेने बजावले होते. डाव्या हाताकडे जाणारी धमनी आकसल्यामुळे त्या मनगटाची नाडी बोटांना लागत नसे आणि त्या दंडावर रक्तदाब नेहमी कमीच दिसे. खरा दाब कळायचा तो उजव्या दंडावर. हे डॉक्टरांनी तिला लग्नापूर्वीच समजावले होते.

पुढे तिला दिवस गेले. आरोग्य केंद्रात नर्सच्या मेजाकडे तिचा डावाच हात येई, आणि तिने तो कधी बदलला नाही. दाब उत्तम म्हणून सासू वत्सलाबाई शेजारणींना कौतुकाने सांगत, आणि गौरवी खाली पाही.

सातव्या महिन्यात फुले माळण्याच्या सोहळ्याला कासारीण हिरवा चुडा भरीत होती. डावा हात दाबता दाबता ती थबकली.

"ह्यो हात इतको थंड कसो गे, बाय?"

"कामाक लागलो की गरम जातलो," वत्सलाबाई म्हणाल्या. बायका हसल्या. गौरवीही हसली, आणि त्या हसण्याची तिला किळस आली.

आठवड्याभरात तिचे डोके ठणकू लागले, दृष्टी अंधुक झाली. वत्सलाबाईंनी तिला केंद्रात आणले. नर्सने सवयीने डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला. दाब ठीक आहे, घरी जाऊन विश्रांती घे, असे सांगून ती उठू लागली. पोटात गर्भाने कूस पालटली. शेजारी सासू बसली होती.

"बाई, उजव्या हाताचो बघा," गौरवी पुटपुटली. "डावो खोटो सांगता. माका ठावक आसा."

उजव्या दंडावर दाब भयंकर चढलेला निघाला. मग डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे देताना सारेच सासूच्या कानी पडले. तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवून उपचार झाले. तरी दाब आवरेना, तेव्हा आठव्या महिन्यातच शस्त्रक्रिया करून मुलगी काढावी लागली. इवलीशी, पण जिवंत.

काचेच्या पेटीतून ती बाहेर आल्यावर वत्सलाबाईंनी तिला प्रथम मांडीवर घेतले.

"हिका तरी लपवूक शिकवू नको," त्या म्हणाल्या.

स्वरात कठोरपणा नव्हता. म्हणूनच गौरवीला मान वर करवेना.