अकरा गाड्या, एकही हॉर्न नाही

परदेशात पोलिसांनी गाडी अडवली की माणसं घाबरतात म्हणे. माझे वडील, आबा, मात्र खूष झाले. चार दिवसांत दुकानदार आणि मेंढरं सोडली तर कुणाशी बोलणं झालं नव्हतं, आता निदान एका सरकारी माणसाची तरी ओळख होणार, असं त्यांना वाटलं असावं.

पण आधी चावीचं सांगायला हवं, सगळं तिच्यापाशीच अडलं होतं.

आबांनी फौजेत चोवीस वर्षं ट्रक चालवले. बर्फात, घाटात, ताफ्याच्या पुढे नाहीतर मागे. निवृत्त होऊन मेढ्याजवळच्या आमच्या गावी आले आणि पहिल्यांदा जीप घेतली, घराचा पत्रा नंतर बदलला. त्या जीपमधून त्यांनी गावातल्या बाळंतिणींपासून नवरदेवांपर्यंत सगळ्यांना वेळेत पोचवलं. गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि महिन्याभरात दिवेलागणीला जीप एका उसाच्या ट्रॉलीला घासली. ट्रॉलीच्या मागे ना दिवा ना लाल पट्टी. चूक कुणाची, यावर गावात दोन तट पडले. माझ्या धाकट्या भावाने मात्र जीपची चावी खिशात टाकली ती टाकलीच. "आबा, आता बास," एवढंच म्हणाला. आबा भांडले नाहीत. फक्त त्यांनी स्टॅंडवर जाणं सोडलं. चालत गेलं की लोक विचारतात, जीप कुठं हाय?

मी थोरली. सांगलीत दिलेली, तिथेच कॉलेजात शिकवते. घरात मला आगाऊ म्हणतात आणि ते बरोबरच आहे. मी परस्पर जाहीर करून टाकलं की मी आणि आबा न्यूझीलंडला फिरायला जातोय. आईने विमान म्हटल्यावर जे हात जोडले ते सोडलेच नाहीत, त्यामुळे ती राहिली. भावाला म्हणाले, "तिथं भाड्याची गाडी घेऊ, आबाच चालवतील. ओरखडा न येता परत आलो, तर त्यांची चावी त्यांना द्यायची."

"आणि काय झालं तर?"

"तर मीच त्यांना सांगीन, बास म्हणून."

भाऊ तयार झाला. हा सौदा आबांनाही ठाऊक होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवा चष्मा दिला, हरकत नाही म्हणाले. सातारच्या आरटीओतून आबांनी आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून असा जपला की माझं मंगळसूत्रही कुणी इतकं जपलं नव्हतं.

तिथं पोचल्यावर त्यांना पहिला आनंद झाला तो डाव्या बाजूचा. "आगं, आपल्यासारखंच चालवत्यात की! शानी माणसं हायती." दुसरं मात्र त्यांना पटेना. गाडीला गिअर नव्हता. "मग डाव्या हातानं करायचं काय?" पहिला दिवसभर तो हात कावराबावरा होऊन मांडीवर, दारावर, माझ्या पर्सवर फिरत होता. शेवटी मी त्यात शेंगदाण्याची पुडी दिली.

चौथ्या दिवशी आम्ही एका मोठ्या तळ्याच्या काठाकाठाने निघालो होतो. काय रस्ता! एका बाजूला निळंशार पाणी, समोर बर्फाचे डोंगर, आणि रस्त्यावर खड्डा शोधून सापडायचा नाही. मी लहान पोरीसारखी हे बघा, ते बघा करत होते. वळणं केळघरच्या घाटासारखी, मधोमध पिवळी रेघ, म्हणजे पुढे जायची कुणालाच मुभा नाही. आबा पन्नासच्या काट्यावर, छाती काढून बसलेले.

"मागं बघितलंस का?" ते म्हणाले.

मी वळून बघितलं. मागे गाड्यांची ही रांग! कार, ट्रेलर ओढणाऱ्या गाड्या, एक लांबलचक बस.

"अकरा हायती. पाऊण तास झाला, एकानं हॉर्न मारला न्हाई. काय शिस्त हाय गड्या! म्होरची गाडी जशी चालंल तसं मागच्यानं चालायचं. आमच्या ताफ्यात पोरांना हे शिकवता शिकवता जीव जायचा."

मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. पण मीही शिरवळच्या हायवेवर गाडी शिकलेली. मागच्याला घाई असली तर तो हॉर्न वाजवतो, दिवे मारतो, खिडकीतून हात काढतो. वाजवत नाही त्याअर्थी त्याचं बरं चाललंय. आबांचा अभिमान बघून मीही फुलले. अकरा परदेशी गाड्यांना मेढ्याचा माणूस वाट दाखवतोय!

मग मागून निळे-लाल दिवे आले. आबांनी लगबगीने गाडी कडेला घेतली. "कुणाला तरी धरायला निघालेत, जाऊ दे त्यांना." पोलिसांची गाडी गेली नाही. ती आमच्याच मागे येऊन थांबली, आणि तो शिस्तीचा ताफा एक-एक करून शेजारून सुसाट निघून गेला. बसच्या ड्रायव्हरने आमच्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरले नाही.

आता इथे आमच्या मुलखाची एक रीत सांगते. आपल्याकडे पोलिसाने हात केला की गाडी बाजूला लावायची, खाली उतरायचं, कागद घ्यायचे आणि आपण चालत साहेबांकडे जायचं. आत बसून नुसती काच खाली केली, तर साहेबाला वाटतं हा कोण मोठा लागून गेला. उतरलं, नमस्कार केला, गाव सांगितलं, की साहेबाच्या मेव्हण्याची सासुरवाडी शेजारच्या गावात निघते आणि सगळं सोपं होतं. आबांनी तेच केलं. मी सीटबेल्टमध्ये अडकलेली असताना ते दार उघडून भर रस्त्याच्या बाजूला उतरले, पिशवी काखेत मारली आणि ताठ चालत निघाले.

"थांबा! गाडीत बसा!" मागून बाईचा आवाज आला, इंग्रजीत आणि खणखणीत.

आबा थांबले. पण बसले नाहीत. त्यांनी टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"आबा, आत या! आवं, आत बसा!" मी ओरडत होते. ती पोलीसबाई दोन्ही हात पुढे करून एक-एक पाऊल टाकत होती, आणि आबांना वाटत होतं ती मान देतेय. एक ओरखडाही नको म्हणून आम्ही इतक्या लांब आलो, आणि इथे तर सगळंच बोंबललं होतं.

कसेबसे ते आत बसले. बाई खिडकीशी आली. पस्तिशीची, उन्हाने लाल झालेली. रस्त्यावर उतरलात, मागून गाडी आली असती तर, असं म्हणाली, आणि तोंडापुढे एक यंत्र धरलं. दारू प्यायलाय का ते बघायला त्यात नुसतं बोलायचं असतं. "नाव आणि पत्ता सांगा," ती म्हणाली. एवढं इंग्रजी आबांना येत होतं. त्यांनी एका दमात फौजेचा नंबर, हुद्दा, नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका जावळी, जिल्हा सातारा आणि वर पिनकोड सांगितला. यंत्र कधीच पास म्हणून मोकळं झालं होतं. ती बाई हसू दाबत होती. मला जरा धीर आला.

मग तिने गुन्हा सांगितला. इथे शंभरची मुभा आहे, हे पन्नासने चाललेत, मागे गाड्या साचल्या तर कडेला घेऊन वाट द्यायची असते, आणि मागच्या कुणीतरी फोन करून तक्रार केली आहे. मी मराठीत सांगितलं. आबांचा चेहरा पडला.

"मग हॉर्न का न्हाई मारला? इचार तिला."

मी विचारलं. "इथे हॉर्न राग आल्यावर मारतात," ती म्हणाली.

"आमच्यात हॉर्न म्हंजी नुसतं, आलो हं मागनं," आबा म्हणाले. "राग आला तर उतरूनच येत्यात."

मी हेही भाषांतर करून सांगितलं. ती मोकळी हसली. पण लगेच गंभीर झाली आणि आबांना सोडून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही चार दिवस यांच्या शेजारी बसलाय. तुम्हाला सुरक्षित वाटतं का? वाटत नसेल तर चावी माझ्याकडे द्या. आज यांनी चालवायची नाही, पुढे तुम्ही न्या."

आणि मी गप्प बसले.

खरं सांगते, त्या क्षणी मला मोह झाला. या बाईने चावी घेतली तर भाऊ जिंकणार नाही, मी हरणार नाही, आबांना बास म्हणायचं पाप कुणा घरच्याच्या माथी येणार नाही. सातासमुद्रापलीकडची एक परकी बाई ते परस्पर करून टाकेल. किती सोपं! मला माझीच लाज वाटली. मग मी चार दिवस आठवले. वळण यायच्या आधी ते वेग उतरवत होते. रस्त्यावरची मेंढरं माझ्याआधी त्यांना दिसली होती. चाक एकदाही पिवळ्या रेघेला शिवलं नव्हतं.

"वाटतं," मी म्हणाले.

"ठीक. मी मागून येते. बघू."

पुढची दहा मिनिटं! मी एक डोळा काट्यावर आणि एक आरशावर ठेवून बसले. आबांनी ऐंशीचा काटा धरला, मग नव्वदचा. पोलिसांच्या मागे दोन गाड्या जमल्या तशी त्यांनी रुंद जागा बघून, दिवा दाखवून अलगद कडेला घेतलं. पोलीसगाडीही मागे थांबली. पुढे जाणाऱ्या पहिल्या कारने बारीकसा हॉर्न मारला.

"रागावला का काय?"

"न्हाई आबा, आभार मानतोय."

"ह्यांच्या हॉर्नचं काय खरं न्हाई."

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी ती पोलीसबाईच शेजारून निघाली, दिवे एकदा लुकलुकवले, हात हलवला आणि गेली. आबांनी बसल्या बसल्या सॅल्यूट केला. मी टाळ्या वाजवल्या, ओरडले, शेंगदाणे सगळ्या गाडीत उधळले.

पुढे तळ्याकाठी त्यांनी गाडी उभी केली.

"इंग्रजी मला लय न्हाई येत," ते म्हणाले. "पर ती तुला काय इचारत हुती, त्ये कळलं. तुला जबाब द्याया येळ लागला, त्येबी कळलं."

माझे डोळे भरले. खोटं बोलायला जीभ वळेना. "तिनंच चावी घेतली तर आमाला घ्याया लागणार न्हाई, असं वाटलं आबा. चुकलं माझं."

त्यांनी हुं केलं. रागाचं होतं की मायेचं, मला कळलं नाही. तेवढ्यात भावाचा फोन आला. गावाकडे सकाळ, मागे गाय हंबरत होती. मी पोलिसांचं सगळं सांगितलं, रांगेसकट, सॅल्यूटसकट. तो पोट धरून हसला. मग त्याचा आवाज उतरला.

"अक्का, खरं सांग. घरी आल्यावर चावी..."

"दे," मी म्हणाले. त्याचं वाक्य मी पुरं होऊच दिलं नाही.

"आगं, जरा इचार करून बोल."

"केला. मगाशी रस्त्यावर, सगळा केला. दे त्यांची चावी त्यांना."

आबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला, आणि मला बेल्ट लावायला सांगितलं.