वाडीच्या विहिरीवर मी गेलोच नव्हतो

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय. लिहिलं कधीच नाही, कारण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... आणि खरं सांगायचं तर मी खवचट वाचक आहे. 'विहिरीजवळ पांढऱ्या साडीतली बाई दिसली' असं कुणी लिहिलं की मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो. विहिरी हाच माझा धंदा होता ना! अमावास्या असो की भर दुपार, किती विहिरींत वाकून पाहिलं त्याची गणती नाही. आत बेडूक दिसले, एकदा साप दिसला, एकदा कुणाची तरी चप्पल. बाई कधी दिसली नाही.

हा अनुभव वाचून कुणी घाबरणार नाही. मलाही त्याची भीती वाटत नाही, लाज वाटते. म्हणून इतकी वर्षं गप्प होतो. बायकोलासुद्धा निम्मंच माहीत आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला गंगापूर रोडवर एका खासगी लॅबमध्ये सॅम्पल आणायच्या कामावर होतो. गावोगावचं पिण्याचं पाणी तपासायचं काम लॅबला मिळालं होतं आणि माझ्याकडे विंचूरकडचा पट्टा होता. एम-एटी गाडी, मागे बर्फाची पेटी, गळ्यात पिशवी. सहा वर्षं टेम्पररी होतो. त्या दिवाळीनंतर परमनंट करतो असा मालकांनी शब्द दिला होता.

काम ऐकायला सोपं, बाटलीत पाणी भरायचं. पण त्यालाही सोवळं असतं. जंतूंच्या तपासणीची काचेची बाटली लॅबच्या ओव्हनमध्ये तापवून काढलेली, बुचावर ब्राऊन पेपर, त्यावर सुतळी. भरायच्या क्षणापर्यंत उघडायची नाही. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. हातपंप असला तर आधी पाच मिनिटं हापसून पाणी वाहू द्यायचं, मग पंपाचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्यानं जाळायचं. विहीर असली तर बाटलीला दगड बांधून दोरीनं सोडायची, कडेला घासू द्यायची नाही. भरली की लगेच बूच, लगेच बर्फात, आणि त्याच दिवशी लॅबमध्ये. लेबल पेन्सिलनं लिहायचं, कारण शाई बर्फाच्या पाण्यात पसरते.

लॅबच्या केमिस्ट मॅडम याबाबतीत कडक. म्हणायच्या, "शेलार, मी खोटा रिपोर्ट देत नाही. खोटं शिरलंच तर तुमच्या बाटलीतून शिरेल." मी हसण्यावारी न्यायचो.

आता त्या वाडीबद्दल. नाव मुद्दाम लिहीत नाही. विंचूरच्या अलीकडे हमरस्त्यावर एक फाटा आहे. तेव्हा फाट्यावर चहाची टपरी होती, टपरीशेजारी हातपंप, आणि तिथून चार किलोमीटर आत ही वाडी. झेंडू आणि भाजीपाला काढून नाशिकच्या बाजारात नेणारी पंधरा-वीस घरं, आणि सगळ्यांना मिळून प्यायला एकच विहीर. विहिरीला लागून पहिलं घर कौसाबाईंचं.

कौसाबाई साठीच्या असतील. मी दोरी सोडायला लागलो की काठावर येऊन उभ्या राहायच्या आणि माझ्याइतक्याच लक्षानं बाटलीकडे बघायच्या. मग चहा. चहा झाला की ठरलेला प्रश्न, "भाऊ, पाणी बरं हाय ना आमचं?" आधीच्या फेऱ्यांत चांगलं निघालं होतं, म्हणून मी सांगायचो, "फस्ट क्लास आहे, मावशी."

पावसाळ्यातल्या फेरीत त्यांनी सुनेला हाक मारून बाहेर बोलावलं. संगीता नाव. लग्नाला सात वर्षं झाल्यावर दिवस गेले होते, सहावा महिना होता. कौसाबाई म्हणाल्या, "दवाखान्यातली बाई म्हंती पाणी उकळून द्या हिला. लय सरपण लागतं हो. द्यू का उकळून, का चालंल तसंच?"

मी म्हणालो, "काही गरज नाही मावशी. बिघडलं तर मी सांगेनच की."

असं मी म्हणालो होतो. माझ्या तोंडानं.

पुढची फेरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली, खंडेनवमीला. बायकोनं सणासाठी मला पँट शिवून आणली होती, फिकट बदामी रंगाची. मला दम कुठला, मी आदल्या दिवशीच घातली. फाट्यावर पोचलो, चहा सांगितला आणि वाडीच्या रस्त्याकडे पाहिलं. दोन दिवस परतीच्या पावसानं झोडपलं होतं. काळ्या मातीचा नुसता राडा! तेवढ्यात झेंडूची पोती भरलेला एक ट्रॅक्टर आतून बाहेर आला, त्याची चाकं चिखलानं लडबडलेली. माझी एम-एटी तर पहिल्याच वळणाला रुतणार, आणि पुढे ती ढकलत न्यायची...

मी पँटकडे पाहिलं.

आता लिहितोच. पिशवीत दोन बाटल्या होत्या, एक फाट्याच्या पंपाची, एक वाडीच्या विहिरीची. दोन्ही मी त्या पंपावरच भरल्या. आणि गंमत बघा, सगळं नियमानं केलं! पाच मिनिटं हापसलं, तोंड जाळलं, बुचाला बोट लावलं नाही. चोरी केली, पण सोवळ्यात. एका बाटलीवर फाटा लिहिलं, दुसरीवर वाडी. फॉर्मवर विहिरीतल्या पाण्याची पातळीसुद्धा लिहिली, अंदाजे वीस फूट. मग टपरीवर तासभर पेपर वाचत बसलो, कारण लवकर परतलो असतो तर मॅडमना संशय आला असता.

हे पहिल्यांदाच केलं असं लिहिणार होतो. नाही. आधी दोन गावांच्या बाबतीत केलं होतं. काही झालं नव्हतं, म्हणून भीड चेपली होती.

चार वाजता लॅबमध्ये पेटी उघडली. मॅडमनी आधी फाट्याची बाटली घेतली, मग वाडीची. सुतळी कापली, ब्राऊन पेपर काढला, बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, "विहिरीवर फुलं धुतात का हो हे लोक?"

"का?"

"पाकळी आहे आत. झेंडूची."

मी जाऊन पाहिलं. होती. नखाएवढी केशरी पाकळी, पाण्यात तरंगत होती. वाडीतले लोक बाजारात न्यायच्या आधी विहिरीच्या कट्ट्यावर झेंडूचे ढीग करून पाणी मारतात, ते मी अनेकदा पाहिलं होतं. पण मी तिथे गेलोच नव्हतो. पंपाजवळ टपरी होती, चिखल होता, एक झोपलेलं कुत्रं होतं. फूल नव्हतं.

"असेल," मी म्हणालो. मी मनाची समजूत घातली. वाऱ्यानं आली असेल. ट्रॅक्टरमधून उडाली असेल.

दसऱ्याची सुट्टी झाली. नंतर कामावर आलो तर मॅडम माझीच वाट बघत होत्या. फाट्याची बाटली स्वच्छ. वाडीच्या बाटलीतलं पाणी ज्या ज्या नळीत घातलं, त्या प्रत्येक नळीत गॅस धरलेला. म्हणजे पाण्यात मैला मिसळलाय, आणि थोडाथोडका नाही.

"आजच्या आज वाडीला कळवायला हवं," मॅडम म्हणाल्या. "ब्लीचिंग टाकायला लावू, उकळून प्या म्हणून सांगू. तुम्ही निघता का लगेच?"

आता माझी बाजू ऐका. बाजू कसली, पण ऐका. मला पक्कं माहीत होतं की दोन्ही बाटल्यांत एकाच पंपाचं पाणी आहे. एक स्वच्छ आणि एक घाण निघूच शकत नाही. तेव्हा चूक लॅबची असणार, आणि विहिरीचा त्यात काही संबंध नाही. हे मॅडमना कसं सांगू? सांगितलं असतं तर परमनंट राहिलं बाजूला, त्याच दिवशी घरी बसलो असतो.

मी म्हणालो, "मॅडम, त्या बाटलीचं बूच वाटेत सैल झालं होतं. बर्फाचं पाणी आत गेलं असणार. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"आणि पाकळी?"

"बर्फात असेल. सणाचे दिवस, कुठलाही बर्फ."

मॅडमनी पेन उचललं. मग रजिस्टरमध्ये त्या ओळीवर रेघ मारली आणि 'सॅम्पल रद्द' लिहिलं. म्हणाल्या, "दोन दिवसांत परत आणा." मी हो म्हणालो. मग मला दुसरा रूट आला, मग रस्ता वाळू दे म्हटलं, मग दिवाळी आली. मॅडमनी दोनदा आठवण केली, दोन्हीदा मी जातो म्हणालो. न जायला कारण काढायचं म्हटलं की माणसाला काय कमी असतं?

दिवाळी झाली आणि लॅबमध्ये बातमी आली, वाडीत काविळीची साथ आहे. विहिरीजवळ संडासाचा एक खड्डा होता, पावसात त्यातली घाण झिरपून विहिरीत उतरत होती. कधीपासून ते कुणालाच सांगता येईना. मालकांनी मला लगेच पाठवलं.

रस्ता वाळला होता, वीस मिनिटांत पोचलो. विहिरीला ब्लीचिंगचा वास मारत होता. कट्ट्यावर फुलं नव्हती. कौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाल्या, "संगीता गेली, भाऊ. पोटातल्यासकट. पोटुशी बाईला कावीळ लय वाईट, म्हन्ले डाक्टर."

मी तिथेच खाली बसलो.

त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही आलते ना खंडेनौमीला. मी पाह्यलं तुम्हाला."

मी मान वर केली.

"भाकरीच्या टायमाला. इहिरीवर वाकून बाटली सोडीत व्हते. मी चुलीपासून हाक मारली, च्या ठिवला म्हन्लं. तुम्ही मागं वळून बी नाय पाह्यलं. बाटली काढली आन् चालाया लागले. गाडी बी नव्हती संगं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "सणाची पँट व्हती अंगात, बदामी. गुडघ्यापोतर चिखलानं भरली व्हती. मला लय वाईट वाटलं. म्हन्लं, नव्या कपड्याची काशी झाली मानसाची, आमच्या पाण्यापायी."

मंडळी, ती पँट मी त्या दिवशी पहिल्यांदा घातली होती. वाडीतल्या कुणी ती पाहायचा प्रश्नच नव्हता.

मग त्यांनी विचारलं. दर वेळी विचारायच्या तसंच, शांतपणे. "मंग त्या पाण्यात काय निघालं, भाऊ?"

तेव्हा सांगायला हवं होतं. की मी आलोच नव्हतो. की जे कोण आलं होतं त्यानं पाणी बरोबर नेलं, बरोबर पोचवलं, आणि मी ते रद्द करायला लावलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, चपलेनं मारलं असतं, मी खाल्ला असता मार. मी म्हणालो, "बाटली वाटेत फुटली, मावशी."

त्यांनी मान हलवली. "जाऊ द्या. फुटती काच. तेवढं तुम्ही आलते तरी, चिखलातून. दुसरं कोन येतं आमच्याकडं." आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

तो चहा मी प्यालो. हेही लिहून ठेवतो.

पुढे मी परमनंट झालो, निवृत्तही झालो. मॅडमना खरं कधीच सांगितलं नाही. पण त्यानंतर एका जागचं पाणी दुसऱ्या जागेच्या नावानं मी कधी भरलं नाही, याचं कौतुक कुणी करू नका. खुलासे मी स्वतःच सगळे करून पाहिलेत. बाटली आधीची घाण असेल? ओव्हनमध्ये पाकळीचा कोळसा झाला असता. मॅडमकडून बाटल्यांची अदलाबदल झाली? त्या आठवड्यात दुसरं कुठलंच सॅम्पल इतकं खराब नव्हतं. कौसाबाईंनी दुसऱ्या कुणाला पाहिलं? त्या पट्ट्यात बाटलीला दोरी बांधून हिंडणारा मी एकटाच होतो. एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं की संगीता ते पाणी बहुधा दसऱ्याच्या आधीच प्याली असेल, दोन दिवसांनी कळवूनही कदाचित उपयोग झाला नसता. असेलही. पण हे मला सोयीचं आहे, म्हणून मी त्यावर फार विसंबत नाही. आणि 'उकळायची गरज नाही' हे तर मी त्याच्याही आधी सांगितलं होतं.

विहिरीवर कोण गेलं होतं, ते मला आजही माहीत नाही. कुणाला काही सुचलं तर लिहा, वाचेन.

ती पँट मी परत कधी घातली नाही. बायकोला वाटतं, घट्ट होते म्हणून. कपाटात खालच्या खणात आहे. दर खंडेनवमीला लोक हत्यारं पुजायला काढतात तेव्हा मी ती काढतो आणि खिडकीशी नेऊन दोन्ही पाय उजेडात धरून बघतो. इतक्या वर्षांत तिच्यावर चिखलाचा एक डाग नाही.