बाहीवरचा थेंब

"कुणाला काही सांगायची गरज नाही. ऐक माझं."

"तू आधी काटा बघ."

"बघितला."

"परत बघ. बाहीजवळ नेला की कुठे जातोय ते बघ."

"आवाज खाली, समता. बाहेर मॅडम आहेत." चिन्मयने किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरचा आवाज बंद केला. काटा मात्र तसाच थरथरत उभा राहिला. "स्वेटर ह्या शिशाच्या डब्यात टाकायचा, झाकण लावायचं, चार दिवस विसरून जायचं. यार, सहा तासांत निम्मं होतं. परीक्षेच्या आधी तूच माझ्याकडून घोकून घेतलंस ना?"

"टेक्नीशियम असेल तर सहा तास."

"तेच असणार."

"काल मी आयोडीनच्या पेशंटचा कपही उचलला होता. त्याला निम्मं व्हायला आठ दिवस लागतात. आणि ते गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं."

"तुझ्या गळ्यात गेलंय का? बाहीवर आहे."

"ही बाही रात्रभर वहिनीच्या गालाखाली होती."

चिन्मयने डब्याचं झाकण खाली ठेवलं. मग म्हणाला, "कुठली वहिनी?" जशा काही समताला दहा वहिन्या होत्या.

"एकच आहे. सातवा महिना चालू आहे तिला."

समता गजभिये न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला होती. लोकांना हे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे: म्हणजे बॉम्ब का? मग ती समजावून सांगे. पेशंटला किरणोत्सारी औषधाचा अगदी थोडा डोस द्यायचा, मोठ्या कॅमेऱ्याखाली झोपवायचं, आणि हाडात, हृदयात, थायरॉइडमध्ये काय चाललंय ते पडद्यावर बघायचं. काही औषधं आजार बरा करायलाही देतात. ही औषधं ज्या खोलीत सिरिंजमध्ये भरतात तिला हॉट लॅब म्हणतात, आणि दिल्लीच्या जानेवारीत तिथे बोटं इतकी गारठतात की पेन धरवत नाही.

चूक तिथेच झाली होती. अ‍ॅप्रन चढवण्याआधी स्वेटरच्या बाह्या कोपराच्या वर दुमडायच्या, मगच हातमोजे, हा लॅबच्या प्रमुख भाटिया मॅडमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. "पहले बाज़ू मोड़ो, फिर दस्ताने." काल समताने दुमडल्या होत्या. पण आईने विणलेला तो स्वेटर सैल होता, आणि उजवी बाही काम चालू असताना कधीतरी घरंगळून हातमोज्याच्या कडेशी आली. थंडीत ती ऊब बरी वाटली. समताने बाही तशीच राहू दिली, आणि तेवढ्यात कधीतरी औषधाचा थेंब तिच्यावर उडाला असणार. काम संपल्यावर सगळेच करतात तसं तिनेही हात, तळवे, अ‍ॅप्रन, बूट मीटरखाली धरले. पण हात दाखवताना बाही आपोआप वर सारली जाते. सगळं तपासलं गेलं, ती बाही सोडून.

घरी, गाझियाबादच्या वैशालीत, हीटर बंद पडलेला. रुचिरा वहिनी दिवाणावर कुडकुडत बसली होती. "अगं आल्या आल्या स्वेटर काय काढतेस, मला दे," म्हणाली, आणि घालून झोपलीसुद्धा. सकाळी समताने तो तिच्या उशाशेजारून उचलला, अंगात घातला, मेट्रो पकडली. हॉट लॅबच्या दारात सवयीने मीटर चालू केला, आणि तो ओरडायला लागला.

"सांगितलंस तर पोस्टिंग जाईल तुझं," चिन्मय म्हणाला. "विचार कर. गुरुग्रामवरून रोज दोन तास घासत येतो मी. मला माहितीये इथली हजेरीची एक-एक सही काय मोलाची आहे."

"नाही सांगितलं तर मी रात्री तिच्यासमोर जेवायला बसू कशी?"

"जेव. मी जेवलो असतो."

"हो, तू जेवला असतास," समता म्हणाली आणि दार उघडून मॅडमच्या खोलीकडे गेली.

भाटिया मॅडम रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे समताची भीती वाढली. त्यांनी आधी मीटर समताच्या गळ्याशी धरला. काटा हलला नाही. मग तळहात, केस, मनगट. मनगटाशी किंचित हलला. साबणाने धुऊन आल्यावर तोही थांबला.

"तुम साफ़ हो," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पण त्या बाहीवर मी झोपले नव्हते. वहिनी झोपली होती."

मॅडमने मीटर त्या बाहीवर धरला. द्रव्य कुठलं ते लगेच सांगणारं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. कॅमेऱ्यावर दुपारपर्यंत पेशंट, सकाळपासून उपाशी बसलेले. त्यांना उठवून तिथे स्वेटर झोपवता येत नाही. राहिला एकच उपाय, सगळ्यांत जुना: वाट बघायची. आत्ता काटा कुठे आहे त्यावर खूण करायची आणि दुपारी तेवढ्याच अंतरावरून परत मोजायचं. निम्म्यावर आला तर टेक्नीशियम. जागेवरच राहिला तर आयोडीन.

समताने दिवसभर पेशंटची नावं पुकारली, पाणी प्या म्हणून सांगितलं, एका आजोबांच्या बुटांचे बंद सोडले. हात काम करत होते. डोक्यात एकच चित्र: वहिनी कुशीवर झोपलीय, हात दुमडून, मळकट निळी बाही ओठांपाशी.

ह्या कामाकडे ती वळली ती आईमुळे. समता दहावीत असताना कौसल्याबाईंना थायरॉइडचा कॅन्सर झाला. पेलाभर आयोडीन पाजून त्यांना बंद खोलीत ठेवलं. समताचे वडील सुखदेवराव मंत्रालयातली फाइल हलवावी तितक्या जपून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. आत कुणी जायचं नाही. पण एक टेक्नॉलॉजिस्ट मुलगी रोज काचेपलीकडून इंटरकॉमवर आईशी बोलायची, भाजी काय आवडते इथपासून. आई बरी होऊन आली आणि म्हणाली, "ती पोरगी नसती तर मी भिंतीशी बोलले असते." समताने त्या दिवशी ठरवलं की आपण काचेच्या त्या बाजूला उभं राहायचं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, आपण ती काच घरात घेऊन गेलो.

दुपारी फोनवर वहिनीचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "समता, येताना बोरं आण गं. आणि ऐक, आज बाळ फारसं हललं नाही. आई म्हणतात थंडीने असेल. थंडीने होतं का असं?"

समताने तो तीनदा ऐकला. उत्तर पाठवलं नाही.

तीन वाजता मॅडमने डबा उघडला. चिन्मय दारात उभा, हातमोजे काढायचं विसरून. मीटर बाहीवर आला. काटा सकाळच्या खुणेच्या बरोबर निम्म्यावर जाऊन थांबला.

"टेक्नीशियम," चिन्मयने श्वास सोडला. "मी म्हटलं नव्हतं?"

मॅडमने कागदावर आकडे मांडले, दोनदा तपासले. मग सांगितलं की बाळापर्यंत पोचलं असेल ते इतकं थोडं, की माती, विटा आणि आकाशातून दोन दिवसांत माणसाच्या अंगावर येतं त्याच्याही खाली. बाळाला धोका नाही. हालचालीचं मात्र आजच डॉक्टरांना दाखवा, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही, पण दाखवा. "और उसे बताना तुम्हें ही है. मैं आऊँगी तो घरवाले और डर जाएँगे." त्यांनी छोटा मीटर तिच्या हातात दिला. उशी, चादर, दिवाण तपासायला. निघताना समताने आईला फोन करून वहिनीला लगेच डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं.

मेट्रोच्या तपासणीत शिपाईबाईने तो बाहेर काढला. "ये क्या है?"

"मीटर है."

"बिजली का?"

"हाँ जी," समता म्हणाली. खोटं बोलण्याइतकीही ताकद राहिलेली नव्हती, पण तेवढं जमलं.

घरी पोचली तेव्हा वहिनी डॉक्टरांकडून नुकतीच परतली होती. "ठोके छान आहेत म्हणाल्या," कौसल्याबाईंनी स्वयंपाकघरातूनच सांगितलं. "झोपलेलं होतं लबाड. तुझा स्वेटर कुठंय? हे कुणाचं जॅकेट?"

"चिन्मयचं. आई, तू पण बाहेर ये. बस."

समता दारातच उभी राहून बोलली. बूट बाहेर, पाय उंबऱ्यावर. बाही, थेंब, मीटर, सहा तास, निम्मं. तिला वाटलं होतं आपण रडू. रडली नाही, वर्गात उभी राहून उत्तर द्यावं तसं बोलत गेली. रुचिरा ऐकत होती. तिच्या मांडीवर वाटी होती. तिने ती हळूच खाली ठेवली.

"काही झालेलं नाही ना पण?" कौसल्याबाई म्हणाल्या. "मला तर आख्खा पेला पाजला होता त्यांनी. बसलेय ना मी तुमच्यासमोर पोळ्या लाटत?"

"तुमच्या पोटात कुणी नव्हतं, आई," रुचिरा म्हणाली.

कौसल्याबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले.

समताने मीटर चालू केला. दिवाणाची चादर, उशी, लोड. टिक. थोड्या वेळाने टिक, टिक.

"वाजतंय," रुचिरा म्हणाली.

"हे कुठेही एवढं वाजतं, वहिनी. भिंतीपाशी ने, वाजेल. केळ्यापाशी ने. बाहेर जिन्यात पण."

"माझ्याजवळ आण."

"गरज नाही गं."

"आण."

समता गुडघ्यांवर बसली आणि मीटर वहिनीच्या पोटापासून वीतभर अंतरावर धरला. टिक. मग बराच वेळ काही नाही. टिक, टिक. दिवाणापाशी वाजला होता तेवढाच. ती मान वर करून हसायला गेली.

"बघ. भिंतीइतकंच. काहीही नाही."

रुचिरा हसली नाही. ती मीटरकडे बघतच नव्हती. समताच्या हाताकडे बघत होती, उजव्या मनगटाकडे.

"गेल्याच्या आदल्या वर्षी," ती म्हणाली, "माझा पहिला गेला. ऑगस्टमध्ये."

"वहिनी, त्याचा ह्याच्याशी..."

"तेव्हा पण मी तुझे कपडे घालायचे. ती तुझी राखाडी शाल. मळमळायला लागलं की तीच गुंडाळून पडायचे."

"त्याचा काही संबंध नाही. तिसऱ्या महिन्यात असं खूप बायकांना होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तुला. दादाला विचार. आणि शाल मी कधी लॅबमध्ये नेलीच नव्हती."

"शालीचं नाही विचारत मी."

"मग?"

"संबंधाचंही नाही विचारत. तू शिकलेली आहेस, संबंध नाही म्हणतेस तर नसेल." रुचिराने पोटावर हात ठेवला, दोन्ही. "एवढंच सांग. ऑगस्टमध्ये तू त्या खोलीत जायला लागली होतीस?"

स्वयंपाकघरात तव्यावरची पोळी करपत होती. कौसल्याबाई उठल्या नाहीत. लेकीकडे बघत राहिल्या.

पोस्टिंग त्याच वर्षी जुलैत लागलं होतं. समताच्या मनात हे सकाळपासून होतं, मॅडमना सांगायच्या आधीपासून, मीटर ओरडला त्या क्षणापासून. दिवसभर तिने स्वतःला सगळे आकडे समजावले होते आणि सगळे बरोबर आले होते. तरी मनगट धुताना तिने ते दोनदा धुतलं होतं. सकाळी चिन्मयला विचारलेलं तेही तिला आठवलं: मी रात्री तिच्यासमोर जेवायला बसू कशी?

मीटर अजून चालूच होता. टिक.

तिने तो बंद केला, बॅगेत घातला. चिन्मयच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, दाराबाहेर वाकून बूट हातात घेतले, आणि लिफ्ट न बोलावता नुसत्या मोज्यांनी जिना उतरायला लागली.