मामा आणि कच्चा बोल्ट

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या आखातात दुसरा नसेल. माणसांवर आंधळा विश्वास. संशय सगळा वस्तूंवर. दोह्यात बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले, तेव्हा चहा पार निवेपर्यंत दाराची कडी लावत-काढत बसले होते. बायकोने कौतुकाने नवा कुकर दाखवला, तर टिचकी मारून कानाशी धरला आणि म्हणाले, "वापर, पण जवळ उभी राहू नकोस." उभी हयात सरकारी शस्त्र कारखान्यात तपासनीस म्हणून गेलेली, त्यामुळे कान तयार. लुसैलच्या ट्राममध्येसुद्धा डोळे मिटून ब्रेक ऐकायचे, आणि शेजारचा प्रवासी हळूच सरकून बसायचा.

अशा माणसाला मीच आमच्या सुरक्षा कंपनीत चिकटवलं, हे माझं कर्म. वर्ल्ड कप तोंडावर आला होता आणि सुरक्षा रक्षकांच्या सरावासाठी आम्ही रायफली मागवल्या होत्या. नावाजलेल्या लष्करी रायफलीची हुबेहूब नक्कल, पण खरी गोळी झाडणारी, इतकी देखणी की पेटी उघडल्याबरोबर मॅनेजर खूश. मामा एकेक उचलायचे, रिकामी आहे ना हे दोनदा बघायचे, बोल्ट ओढून सोडायचे आणि ऐकायचे. कुठे जोड हलत होता, कुठे रंग उडाला होता. त्याला ते चक्क "चालेल" म्हणाले, तेव्हा मी सुखावलो. मग एका रायफलीपाशी थांबले. बोल्ट परत ओढला. परत. गोळी सुटताना सगळा धक्का बोल्टच अडवतो, आणि तो चालवणाऱ्याच्या गालाशी असतो.

"जावईबापू, याला पाणी नीट चढलेलं नाही. पोलाद कच्चं आहे. लॉट पास होणार नाही."

मापं बरोबर, कागद बरोबर, आडवा काय तो मामांचा कान! मॅनेजर भडकला. खलास, पुरे झालं, गोळीबाराच्या रेंजवर चला, हीच रायफल चालवून बघू, म्हणाला, आणि एका गार्डला पुढे केलं. मामांनी त्याला दंडाला धरून बाजूला सारलं आणि स्वतः रायफल घेऊन आडवे झाले. साठी उलटलेला, मधुमेही माणूस! अडवावं असं वाटत होतं, पण अडवलं नाही. मामींना काय सांगू, एवढंच डोक्यात. पहिली गोळी सुटली. दुसरी. अख्खं मॅगझिन रिकामं झालं, काही झालं नाही. मॅनेजर टाळ्या वाजवत आला. मामा कपडे झटकत उठले आणि म्हणाले, "आज नाही फुटली. सही करणार नाही." इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. पुढे त्यांचा व्हिसा रद्द झाला आणि सही दुसऱ्याच कुणीतरी केली.

स्पर्धा सुरू झाली. सगळं दोहा गोलांबद्दल बोलत होतं आणि मी रेंजवर फोन करून सगळं ठीक ना, एवढंच विचारत होतो. अंतिम सामना संपल्यावर मामांचा गावाहून फोन आला.

"कुणाला काही लागलं नाही ना हो?"

"नाही मामा. कुणालाच नाही."

मामा म्हणाले, "म्हणजे चुकलोच मी. बरं झालं बाबा."

नोकरी गेली, नाव गेलं, आणि हा माणूस घरात नातू झाल्यासारखा खूश होता.